डोंगरावरचं गाऱ्हाणं

डोंगर कसला, टेकाडाचा थोरला भाऊ. अलीकडे आमचा गाव, पलीकडे दुसरा, आणि टोकावरचा काळा दगड म्हणजे दोन्ही गावांचा देव. भातझोडणी उरकली की दोन्हीकडची माणसं नारळ घेऊन वर चढतात आणि एकत्र गाऱ्हाणं घालतात. एकाने देवाकडे मागायचं, बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. कुठल्या गावाचा आवाज मोठा, यावरून मग वर्षभर चिडवाचिडवी.

मागायचं काम आमच्या बाबांचं. पण यंदा त्यांच्या घशात गाठ निघाली आणि सोमवारी गोव्यात ऑपरेशन ठरलं. आवाज राहील की जाईल, डॉक्टर छातीठोकपणे सांगेनात. तोवर तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, अशी ताकीद. म्हणून गाऱ्हाणं माझ्यावर आलं.

एरवी मी शाळेत पोरांना दमात घेणारा मास्तर, पण त्या दिवशी धास्तीने अख्खा चढ गाऱ्हाण्याचे शब्द घोकत चढलो. आनंदही तेवढाच झाला होता, खोटं कशाला बोलू? वर वारा पिसाळलेला, माणसांची ही गर्दी. बाबा सगळ्यांत पुढे, गळ्याला मफलर गुंडाळून. मी सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा..." आणि दोन्ही गाव एकदम, "व्हय म्हाराजा." अंगावर सर्रकन काटा आला. मग काय, मी सुटलोच. काजू मागितला, आंबा मागितला, गुरांची राखण मागितली, माकडांका दुसरी वाट दाखव म्हटलं. माणसं हसतायत, ओरडतायत, मला तर थांबूच नये असं वाटत होतं.

आजारी माणसांपाशी आलो आणि अडकलो. गाऱ्हाणं घालणाऱ्याने स्वतःच्या घरासाठी मागायचं नाही, हा बाबांचाच दंडक. "जे कोण आजारी आसत..." एवढं म्हटलं आणि बाबांच्या मफलरकडे बघत राहिलो.

"तू थांब रे झिला. ह्या आमी मागतंव." पलीकडच्या गावातला म्हातारा पुढे आला. दरवर्षी बाबांशी आवाजावरून हुज्जत घालणारा तोच. त्याने हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्येचो आवाज आमका होयो आसा. तो गेलो तर आमी भांडाचा कोणाशी?"

"व्हय म्हाराजा," सगळ्यांच्या आधी मी ओरडलो. माझ्यामागून दोन्ही गाव. त्या गलक्यात बाबांनीही तोंड उघडलं. म्हाताऱ्याने चटकन त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"तू गप रव. तुझ्या वाटचा मी म्हणतंय."

आणि तो पुन्हा एकदा, एकटाच, "व्हय म्हाराजा" म्हणाला.