बदकवाल्या सरांचं लिनक्स

कळंबात सरांना नावानं कुणीच ओळखत नसे. स्टँडकडून बाजारात येताना खताबियाण्यांच्या दुकानावर त्यांचा कम्प्युटर क्लास होता आणि क्लासच्या पाटीवर एक पेंग्विन होता. लिनक्सचं चिन्ह म्हणून सरांनी तो हौसेनं काढून घेतला होता. पण पाटी रंगवणाऱ्यानं जन्मात पेंग्विन पाहिलेला नव्हता. त्यानं चोच चपटी केली, पाय पिवळे केले आणि खाली जागा उरली म्हणून थोडं पाणीही काढलं. तेव्हापासून सर बदकवाले सर झाले. सुरुवातीला ते भांडायचे, "अहो, बदक न्हाय, पेंग्विन हाय त्यो!" पुढं पुढं पालकच जिना चढून विचारायला लागले, "बदकवाले सर तुम्हीच का?" मग ते मुकाट्यानं मान डोलवायचे आणि फॉर्म पुढं सरकवायचे.

लिनक्स म्हणजे विंडोजसारखंच कम्प्युटर चालवणारं, पण फुकट मिळणारं आणि कुणा एकाच्या मालकीचं नसलेलं. हे सर पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहीत आणि वर्षभर पुसू देत नसत. गावात बाकी सगळीकडं चोरून मिळवलेलं विंडोज चालायचं. सरांना त्याचा भारी राग. "फुकटचं घ्यावं, चोरीचं घेऊ न्हाय," हे त्यांचं वाक्य आम्हाला तोंडपाठ होतं. कुणी बाहेरचा माणूस प्रिंट काढायला पेनड्राइव्ह घेऊन आला, तर सर तो दोन बोटांत धरून हसत हसत आपल्या मशिनला लावायचे. "आमच्याकडं विंडोजचा व्हायरस उपाशी मरतो," म्हणायचे. येणाऱ्याला काही कळायचं नाही, पण प्रिंट मिळायची.

दसऱ्याला तर त्यांच्या उत्साहाला उधाण यायचं. लोक आपट्याची पानं देतात. सर पानाबरोबर लिनक्सची सीडी द्यायचे. आठ दिवस आधीपासून क्लासमध्ये सीड्या तयार व्हायच्या आणि आम्ही मुली त्यावर स्केचपेननं 'सोनं' असं लिहायचो. त्यातल्या निम्म्या सीड्या ज्वारीवरची पाखरं भिववायला शेतात लटकल्या. एकदा क्लासच्या सहलीला तेरला जाताना रस्त्याकडेच्या रानात आपलीच सीडी चमकताना सरांनी पाहिली. मला वाटलं, चिडतील. ते म्हणाले, "बघ, लिनक्स कुठंबी कामाला येतं."

अशा माणसावर जीव जडला नसता तरच नवल. मी बारावीनंतर त्यांच्याकडं गेले आणि वर्षभरात त्यांची भक्त झाले. अडचण एकच होती. मला गेमचं वेड होतं.

आमच्या शेजारच्याच घरात माझा चुलतभाऊ दत्ता राहायचा. माझ्यापेक्षा वर्षानं लहान. तो आणि मी एकाच कीबोर्डवर फुटबॉलचा गेम खेळायचो. डावीकडची बटणं त्याची, उजवीकडची माझी. दोन वर्षं खपून आम्ही एक टीम उभी केली होती. खेळाडूंना आमच्याच भावकीची नावं दिलेली, आणि गोलकीपर होते आमचे आजोबा, आप्पा, कारण ते कुणाला दारातून आत येऊ देत नसत. रोज संध्याकाळी दत्ता हातपाय धुऊन यायचा आणि स्वयंपाकाची हाक येईपर्यंत आमचा दंगा चालायचा.

सरांना हे कळलं तेव्हा ते स्वतः घरी आले. "चोरीच्या विंडोजवर खेळतीस आणि क्लासमध्ये पहिल्या बाकावर बसतीस?" मी शरमले. "पण सर, लिनक्सवर गेम कुठं चालतात?" त्यावर ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "गेमच्या मागं आपण जायचं न्हाय. आपण जागेवर ऱ्हायचं, गेम आपल्या मागं येतील. सगळे येतील, लिहून घे." मग त्यांनी माझ्या हातानंच विंडोज पुसायला लावलं. त्याबरोबर आमची टीमही गेली, आप्पांसकट. दुसऱ्या दिवशी दत्तानं विचारलं, "अक्का, आपली टीम कुठाय गं?" मी त्याला चोरी आणि स्वातंत्र्य यावर सरांचंच भाषण ऐकवलं. तो आठवडाभर येत राहिला. लिनक्सवर तेव्हा एक पेंग्विन बर्फावरून घसरत मासे गोळा करायचा, तेवढंच होतं. ते खेळून त्याला जांभया यायला लागल्या, आणि मग तो यायचाच थांबला.

त्यानंतरची वर्षं मी वाट बघण्यात घालवली. सरांनी मला एक दोनशेपानी वही दिली होती. विंडोजचे गेम लिनक्सवर चालवायची खटपट करायची आणि प्रत्येकापुढं शेरा लिहायचा: चालला, रडला किंवा मेला. पानंच्या पानं 'मेला' झाली. एखादा गेम सुरू व्हायचा, पण गवत जांभळं दिसायचं. एखाद्यात माणसांना डोकीच नसायची. मी ते दाखवायला गेले की सर मनापासून आनंदून म्हणायचे, "धड तर आलं, डोकं बी येईल." पलीकडच्या घरातून दत्ताचा आणि त्याच्या मित्रांचा आरडाओरडा ऐकू यायचा. तो मला हाका मारायचा, "अक्का, ये की एक डाव!" मी जात नसे. हट्टानं, अभिमानानं नाही म्हणायचे. पुढं दत्ताला पुण्यात नोकरी लागली, लग्न झालं, आणि हाका बंद झाल्या.

आणि मग खरंच गेम आले. गेम विकणाऱ्या एका परदेशी कंपनीनं अशी सोय केली की विंडोजचे गेम लिनक्सवर आपोआप चालावेत. मी तोवर धाराशिवला एका कॉलेजात कम्प्युटर शिकवत होते. सुट्टीच्या दिवशी भीत भीत फुटबॉलचा गेम लावला आणि मैदान हिरवं दिसलं, खेळाडूंना डोकी होती, प्रेक्षक ओरडत होते. मी एकटीच खोलीत टाळ्या वाजवल्या. पहिला विचार सरांचा आला. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. दोन दिवसांनी खंडेनवमी होती. लॅपटॉप पिशवीत घालून मी कळंबची एसटी धरली.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. ज्याचं जे हत्यार, ते धुऊनपुसून पाटावर मांडायचं. मी सरांच्या घरी पोचले तेव्हा ते झेंडूची फुलं आणायला गेले होते. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला आत घेतलं. पाटावर पक्कड, स्क्रूड्रायव्हर, सोल्डरिंगची मशीन होती. आणि शेजारच्या टेबलावर एक भलामोठा काळा कम्प्युटर, त्याच्या पोटात निळे दिवे, पुढ्यात गाडीचं असावं तसं स्टिअरिंग, खाली पायाशी दोन पेडल. सगळ्याला हळदकुंकू लावलेलं. मी तो कधीच पाहिला नव्हता.

"ह्यो आतल्या खोलीतला," काकू कौतुकानं म्हणाल्या. "ह्ये म्हनत व्हते, ऱ्हाऊ दे आतच. म्या म्हनलं, वरीसभर राबती ती वस्तू, तिला बिनपूजेची ठेवायची व्हय? रोज जेवण झालं की दोन तास गाड्या पळवत्यात. लग्न झालं तवापासनं बघतीय मी."

पूजेसाठी म्हणून काकूंनी पडद्यावर तुळजाभवानीचा फोटो लावून ठेवला होता. देवीच्या डाव्या बाजूला गेमच्या चित्रांची ओळ होती. आणि उजवीकडं खाली, देवीच्या पायाशी, फिकट अक्षरांत विंडोज परवाना मागत होतं. ही अक्षरं मी ओळखते. चोरीच्या विंडोजवरच ती अशी येऊन बसतात.

सर झेंडू घेऊन दारात आले. त्यांनी मला पाहिलं, मग टेबलाकडं पाहिलं, आणि पिशवी हातातच राहिली.

"कधीपासनं, सर?"

"पहिल्यापासनं," ते म्हणाले. खोटं बोलले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूनं लिहायला हवं. काकू चहाला आत गेल्यावर हळूच म्हणाले, "क्लासमधी बोलायचो ते खरंच व्हतं गं. मला तसं जगायला जमलं न्हाय, एवढंच. तुला जमत व्हतं. तुझ्याकडं बघून वाटायचं, एक तरी हाय."

"म्हणजे उपास मी करायचा आणि पुण्य तुम्हाला?" माझा आवाज चढला होता. "दत्ता रोज हाका मारायचा मला, सर. रोज. तुम्ही एकदा जरी म्हणाला असता ना, जा, खेळून ये..."

मी लॅपटॉप पिशवीतून काढलाच नाही. काकूंनी बळंच हातावर नवरात्राची तळलेली कडाकणी ठेवली, ती घेऊन मी स्टँडवर आले. बसमध्ये मला रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं, रागाचं होतं. चोरी त्यांनी विंडोजची केली असेल. माझ्या मते त्यांनी माझ्या संध्याकाळी चोरल्या.

लोक म्हणतात, जाऊ दे, गेमच तर होते. शिवाय सर म्हणाले होते तसंच झालं ना? झालं. मला तेच जास्त सलतं. त्यांचं म्हणणं खोटं ठरलं असतं तर मी त्यांना केव्हाच माफ केलं असतं. आज मी वर्गात शिकवते ते सगळं त्यांचं आहे, फळ्यावर पहिलं वाक्यही त्यांचंच लिहिते, आणि लिहिताना दर वेळी हात जरा अडखळतो.

मध्यंतरी दत्ता दोन दिवस गावाकडं आला होता. मी त्याला मोठ्या उत्साहानं लिनक्सवरचा फुटबॉल लावून दिला. खेळता खेळता तो सारखा घड्याळ बघत होता. मुलीला घेऊन सासुरवाडीला जायचं होतं. पहिला हाफ संपायच्या आतच उठला. "लई भारी चालतंय गं अक्का," दारात चपला घालता घालता म्हणाला, "पण मला आता बटणं बी आठवंनात."