कुलपाने दिलेलं शून्य

चावीवाले काका जिन्यावरून पडले, मानेतला मज्जारज्जू दुखावला आणि चाळीस वर्षं लोकांची कुलपं उघडणारी बोटं त्यांचंच ऐकेनाशी झाली.

दवाखान्यात हातांत किती जोर उरलाय हे मोजणाऱ्या ताईंनी सगळ्या रुग्णांच्या चाचणीचं, फळीवर बसवलेलं कुलूप पुढे सरकवलं. काकांनी बोटांच्या बेचक्यात चावी धरून मनगट फिरवलं. कुलूप कुरकुरलं, पण उघडलं नाही. ताईंनी शून्य लिहिलं.

गप्प बसतील ते काका कसले!

"बोटं गेलीत, कान शाबूत आहेत! आतून गंजलंय हे. तुम्हीच फिरवून बघा."

ताईंनाही जमेना. मग तेल आलं. काकांनी पुन्हा तश्शीच चावी धरली. खट्!

ताई शून्य खोडू लागल्या.

"माझं एकट्याचं नको," काका कडाडले. "या कुलपाने ज्यांना ज्यांना नापास केलं, त्या सगळ्यांचं खोडा!"