सम की विषम

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय – ते माझं मलाही नीट ठाऊक नाही.

साठच्या दशकात संख्याशास्त्राची पदवी घेऊन मी बेळगावहून बंगलोरला आले. क्षयाच्या एका दवाखान्यात चाचणी चालली होती. काहींना जुनी इंजेक्शनं, काहींना नव्या गोळ्या. कुणाला काय, हे डॉक्टरांनी ठरवायचं नाही. माझ्याजवळ यादृच्छिक आकड्यांचा तक्ता असे – पुढचा आकडा सम असला तर गोळ्या, विषम असला तर इंजेक्शनं. प्रत्येकाला संधी निम्मी-निम्मी. असं केलं की अशक्त, धडधाकट, गरीब, खात्यापित्या घरचे, सगळे दोन्हीकडे साधारण सारखे वाटले जातात. आपल्याला न दिसणारे फरकसुद्धा. मग शेवटी उरतो तो फरक औषधाचा. किती सुंदर गणित! माझा त्यावर विश्वास होता. खरंच होता.

आणि एके सकाळी गौरक्का आल्या. जयनगरातल्या माझ्या घरमालकीण; मी तापानं पडले तेव्हा उशाशी बसून पेज पाजणाऱ्या. त्यांचा आकडा विषम निघाला. त्या इंजेक्शनांनी काहींचे कान जातात, हे मला माहीत होतं. आणि अक्का तर वीणा शिकवायच्या...

"काय आलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"सम," मी म्हणाले.

एवढंच? नाही. दोन्ही गटांचा मेळ बिघडू नये म्हणून पुढच्या बाईच्या वेळी मी उलट केलं. आनेकलहून बसनं आलेली, कडेवर तान्ही मुलगी. तिचा आकडा सम होता – मी विषम सांगितला. अहवालातही ते तसंच गेलं.

दोघी बऱ्या झाल्या. काही वर्षांनी ती आनेकलची बाई तपासणीला आली – अंगानं भरलेली, कारखान्यात कामाला लागलेली. माझा प्रश्न मुलीनं तिच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं सांगितला. ती हसून कन्नडमध्ये म्हणाली, "कान गेले, पण हिला शाळेत जाताना बघतेय ना."

मी काय केलं? मीही हसले.

पुढे तो तक्ता मी दुसऱ्या इमारतीत हलवायला लावला, रुग्णाचं तोंडही न पाहणाऱ्या माणसाकडे. कामावर आलेली नवी मुलं विचारायची, एवढं कडक कशाला? मी गणित समजावायचे. ती मुलं शिकली, माझ्याहून प्रामाणिक निघाली. त्यांच्या कामावर आज कुणीही विसंबावं.

तिचं नाव मंजुळा. तिला गोळ्या मिळायच्या होत्या.