वाटी बुडेपर्यंत

आमच्या टेलिफोनकाकांनी आयुष्यात जेवढ्या माणसांना वाक्याच्या मध्यावर तोडलं, तेवढं कुठल्या न्यायाधीशानंही तोडलं नसेल. आणि तरीही वालूर गावात त्यांच्याइतका न्यायी माणूस झाला नाही, असं मी आजही छातीठोकपणे सांगेन. आडतवाल्या शेठला त्यांनी तोडलं, पुढाऱ्यांना तोडलं, एकदा फौजदारांना तोडलं, आणि एका रविवारी पोटच्या लेकीलाही तोडलं. बाकीच्यांनी त्यांना शिव्या दिल्या आणि विसरून गेले. लेकीनं शिव्या दिल्या नाहीत, पण ती विसरलीही नाही. काकांच्या गमती सांगायला बसलो की ही गोष्ट मधे मधे वर येते, म्हणून आधीच सांगून टाकली.

मी वाढलो परभणी शहरात आणि मास्तर म्हणून पहिली नेमणूक झाली वालूरला. खोली मिळाली ती टेलिफोन एक्स्चेंजच्या शेजारी. एक्स्चेंज हा शब्दच तेवढा मोठा. होती ती एक पत्र्याची खोली, आत भोकं आणि दोऱ्या असलेला लाकडी बोर्ड, कानाला पट्टा लावून बसलेले काका, आणि बाहेर ओट्यावर भिंतीला अडकवलेला एक फोन व त्याखाली एक लांब बाकडं. खोलीच्या मागच्या बाजूला काकांचं बिऱ्हाड. गावात फोन असलेली घरं बोटांवर मोजण्याएवढी, पण त्या सगळ्यांना आणि ओट्यावर येणाऱ्या उरलेल्या गावाला मिळून बाहेर जायला तार एकच होती. सेलूवरून परभणीकडे जाणाऱ्या त्या तारेवर एकजण बोलत असला की बाकी सगळं गाव मुकं. खात्यानं काकांना नेमलं होतं फोन जोडायला. काकांच्या मते मात्र जोडणं कुणालाही जमतं, खरी अक्कल तोडण्यात असते. "जोडाया काय गुरुजी, सालगडी बी जोडंल," ते म्हणत. "पर हिस्सा बराबर व्हाया पायजे. इन्साफ हाय तो तोडण्यात हाय." निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकल्यामुळे इन्साफ हा शब्द ते असा उच्चारत की बसलेल्या माणसानं उठून उभं राहावं.

त्यांच्या या इन्साफाची माझी पहिली ओळख झाली ती गावात आल्या दिवशीच. सुखरूप पोचलो हे आईला कळवायला मी ओट्यावरच्या फोनवर उभा राहिलो. खोलीचं, पाण्याचं, खानावळीचं सांगत होतो, तेवढ्यात कानात काकांचा आवाज आला, "गुरुजी, दारं मोडू का?" मी हादरलो. माझ्या खोलीला मी नवं कुलूप लावून आलो होतो आणि हा गृहस्थ आल्या दिवशी दार मोडायची परवानगी मागत होता! हातातला फोन तसाच लोंबकळत सोडून मी खोलीकडे धावलो. दार जागच्या जागी होतं, समोर कुणाची तरी शेळी तेवढी उभी होती. तिकडे आईनं 'दारं मोडू का' ऐकलं, पाठोपाठ माझं पळणं ऐकलं, आणि फोन बंद पडला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एस.टी.नं वडील वालूरला उतरले, ते एक भलंमोठं कुलूप आणि माझ्या थोरल्या भावाला बरोबर घेऊनच.

काकांनी तिघांनाही चहा पाजला आणि मग दारं मोडणं म्हणजे काय ते समजावून सांगितलं. काकांच्या घरची शेती भावकीत वाटली गेलेली, विहीर मात्र सामाईक. पाणी पाळीनं घ्यायचं. एकाची पाळी सरली की त्याच्या वाफ्याचं तोंड मातीनं बुजवायचं आणि पाणी दुसऱ्याकडे वळवायचं, याला दारं मोडणं म्हणतात. पाळी मोजायला भावकीत एक तांब्याची वाटी होती, बुडाशी बारीक भोक असलेली. ती पाण्यावर सोडली की हळूहळू भरे आणि बुडे, आणि बुडाली की पाळी संपे. विहिरीवर इंजिन आल्यावर ती वाटी कुणाला नको झाली, तेव्हा काकांनी ती एक्स्चेंजमध्ये आणली. टेलिफोनच्या मानानं ती फारच सावकाश बुडत होती, म्हणून तांबटाकडून भोक मोठं करून घेतलं. बोर्डाशेजारी पाण्याचं घंगाळ आणि त्यात ती वाटी. खात्याचं घड्याळ भिंतीवर होतं, पण काकांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. "घड्याळ बिलासाठी हाय," ते म्हणत, "वाटी माणसासाठी."

वाटीपुढे सगळे सारखे होते. बाकड्यावर जो आधी बसला तो आधी बोलणार, मग तो कुठल्याही आळीतला असो. नामांतराच्या वादानं गावागावांत मनं दुखावलेली होती ते दिवस. आमच्याकडच्या चहाच्या हॉटेलात काही जणांचे कप वेगळे ठेवलेले मी डोळ्यांनी पाहिले आहेत. काकांच्या बाकड्यावर मात्र ओढ्यापलीकडच्या वस्तीतला माणूस आधी आला असेल तर पाटील त्याच्या शेजारी बसून आपली पाळी येण्याची वाट पाहत. पाटलांना ते आवडत होतं असं नाही. पण तार एकच होती आणि ती काकांच्या हातात होती.

पाळी मोडून पुढे घ्यायचं ते फक्त तीन कारणांसाठी: आग, साप आणि बाळंतीण. या तिघांना वाटी नव्हती. "काका, अर्जंट हाय," असं म्हणत कुणी आला की काका कानावरचा पट्टा न काढता विचारत, "आग, साप का बाळंतीण?" चौथं उत्तर आलं की बाकडं दाखवत. आणि पाळी वाया जाऊ नये म्हणून लोकांना बोलायला शिकवायचं कामही त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. आपल्याकडे फोन उचलला की आधी राम राम, मग बरं हाय का, मग पाऊसपाणी, मग गुरंढोरं, आणि मुख्य कामाशी येईतो वाटी बुडालेली. काकांचा दंडक असा, की आधी काम बोला, मग राम राम. त्यामुळे बाकड्यावर कायम तालीम चाललेली असे. एक आजीबाई 'लक्षीमनला मुलगा झाला, कुंची टोपडं धाडा' एवढंच वाक्य सकाळभर पाठ करत बसल्या होत्या. पाळी आली तेव्हा त्यांनी ते एका दमात म्हटलं आणि पलीकडून कोण बोलतंय हे न विचारताच फोन ठेवला. कुंची टोपडं आलं, पण भलत्याच घरून.

काकांचा सगळ्यात मोठा सामना झाला तो आडतवाल्या शेठशी. कापसाचे भाव सकाळी बदलत आणि शेठना वाटे की सकाळभर तार आपल्याच कानाला असावी. आधी त्यांनी आंब्याची पाटी पाठवून पाहिली. ती काकांनी बाकड्यावर बसलेल्यांना वाटून टाकली. मग कुणीतरी वाटीच्या भोकात कणीक चिकटवली. ती वाटी जी तरंगत राहिली ती बुडेच ना. शेठ भावावरून हवामानावर, हवामानावरून व्याह्यांच्या तब्येतीवर आले, त्यांचे विषय संपले, तरी वाटी वरच. तेव्हापासून काका रोज सकाळी वाटी चिंचेनं घासून, डोळ्याला लावून, तिच्यातून आरपार आभाळ बघत. मग शेठनी नवी युक्ती काढली. स्वतःची पाळी झाली की धाकट्या भावाला बाकड्यावर बसवायचं, त्याच्यामागे मुनिमाला. काकांनी निकाल दिला, "चूल एक तर पाळी एक." चार दिवसांनी शेठ आणि धाकटे भाऊ दोघे ओट्यावर आले आणि चारचौघांत म्हणाले, "आमी वायलं निघालो, काका. आता दोन पाळ्या द्या." काका उठले आणि त्यांच्या घरी चूल बघायला गेले. मागच्या पडवीत तीन दगड मांडून धाकट्या भावाच्या बायकोनं चहा उकळत ठेवला होता. काकांनी चहा घेतला, दुसऱ्या चुलीवरचाही घेतला, आणि बाहेर येऊन म्हणाले, "साखर एकाच डब्यातली हाय. पाळी एकच." शेठ हरले. पण खरी गंमत पुढेच झाली. धाकट्या जावेला ती पडवीतली चूल इतकी आवडली, की तिनं ती विझवायला साफ नकार दिला. वर्षाच्या आत घर खरोखरच वेगळं झालं आणि काकांना मुकाट्यानं दोन पाळ्या द्याव्या लागल्या.

काकांची एकुलती एक मुलगी, शालू, लग्न होऊन नाशिकला गेली. नवरा बँकेत, घर चांगलं. रविवारी दुपारी तिचा फोन येई. आधी काकूंशी बोले, मग "अण्णांना दे" म्हणे, आणि तोवर वाटी बरीच भरलेली असे. वडिलांच्या वाट्याला उरलेलं तिचं बोलणं कायम तळाचं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यातला तो रविवार मला आठवतो, कारण मी बाकड्यावर होतो. माझ्या पुढे झरीकडचा एक शेतकरी बसला होता. परभणीच्या दुकानात भुईमुगाचं बियाणं आलं का, एवढंच त्याला विचारायचं होतं. काकूंचं बोलणं झालं. काका म्हणाले, "बोल माय." आणि पलीकडे शालू रडायला लागली.

"काय झालं, माय?"

ती काही सांगेना. काका पुन्हा पुन्हा विचारत होते आणि घंगाळात वाटीच्या काठाला पाणी लागलं होतं. तो शेतकरीच उठून दाराशी आला. "काका, बोलू द्या लेकीला. माजं बियाणं कुटं पळून चाललंय?"

"तुजी पाळी हाय," काका म्हणाले. वाटी बुडाली. "माय, दारं मोडतो. मागं मानूस बसलाय." आणि त्यांनी दोरी उपटली.

तो शेतकरी इतका ओशाळला, की परभणी जोडून मिळाल्यावर तो दुकानदाराला नुसता राम राम म्हणाला आणि बियाण्याचं विचारायचं विसरून निघून गेला. काकूंनी कितीतरी दिवस काकांना न बोलता वाढलं. मला राहवलं नाही. मी म्हटलं, काका, एवढं कडक कशाला? ते घंगाळातलं पाणी बदलत होते. "आग न्हाई, साप न्हाई, बाळंतीण न्हाई," ते म्हणाले. "दुसऱ्याची लेक रडायली असती तरी तोडलंच असतं ना मी? मंग?" ते मला पटलं नाही. मला त्या दिवशी काकांचा रागच आला होता.

शालूनं भांडण केलं नाही. दिवाळीला आली, पाया पडली, अण्णांना आवडतं म्हणून धपाटे केले. पहिल्या बाळंतपणाला माहेरी राहून गेली. बोलणं बंद नव्हतं, फोन बंद होता. रविवार दुपार आली की काका पुन्हा एकदा वाटी घासत, आभाळ बघत, आणि बोर्डासमोर जरा ताठ बसत. फोन येई तो शेठचा, नाहीतर दुसऱ्या कुणाचा. दुसऱ्या बाळंतपणाची बातमी नाशिकहून पोस्टकार्डानं आली. ते कार्ड मला दाखवताना काका एवढंच म्हणाले, "बाळंतिणीला वाटी न्हाई, ठावं हाय तिला. तरी कार्डच धाडलं." मग ते आत गेले आणि कुणाची तरी दारं मोडली.

पुढे काका निवृत्त झाले आणि त्याच सुमारास गावात आपोआप चालणारं एक्स्चेंज आलं. लाकडी बोर्ड गेला, घरोघर फोन आले, चौकात एसटीडीचं पिवळं खोपटं उभं राहिलं, आणि कुणीही कितीही वेळ कुणाशीही बोलू लागलं. काकांच्या नव्या घरात एक लाल फोन आला. बाकडं त्यांनी भंगारात जाऊ दिलं नाही, उचलून आपल्या ओट्यावर आणून ठेवलं. वाटी काकूंनी डाळ मोजायला घेतली होती, पण भोकातून डाळ सांडते म्हणून परत दिली.

एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. फोन वाजला, काकूंनी उचलला, आणि त्यांचा चेहरा बघूनच मला कळलं. त्या बराच वेळ बोलल्या. मग त्यांनी फोन काकांपुढे धरला. काकांनी तो दोन्ही हातांनी घेतला. सवयीप्रमाणे आधी काम बोलायचं, पण काम काहीच नव्हतं. ज्वारी बरी आहे म्हणाले, म्हैस व्यायली म्हणाले, पोरं शाळेत जायलेत का विचारलं. त्यांची नजर घंगाळ शोधत असावी, कारण ते जमिनीकडे बघत होते.

"बरं माय," ते म्हणाले, "दारं मोडतो. मागं कुनी बसलं असंल."

फोनमधला आवाज मला बसल्या जागी ऐकू आला. "अण्णा, आता मागं कुनी न्हाई. तुमी बोला."

काकांनी दारातून ओट्याकडे पाहिलं. बाकडं रिकामं होतं.

"माय," ते म्हणाले, "त्या दिशी कामून रडायली व्हतीस?"

तिनं काय सांगितलं ते मला नीट ऐकू आलं नाही. ती हसत होती की काय कोण जाणे. "आता आठवत न्हाई, अण्णा," एवढं शेवटचं कळलं.

काका फोन घट्ट धरून भिंतीला टेकून खाली बसले. "आठव," ते म्हणाले. "सावकाश आठव. मी बसलोय."

मी अर्धा चहा तसाच ठेवला आणि चपला हातात घेऊन बाहेर आलो. काकांच्या मागे बसलेला त्या घरात मीच एकटा होतो.