दोन बोटांचा जोड

माझी थोरली मेहुणी पडदे शिवते. महा हट्टी बाई. किनारा किती खचतोय ते मोजायला सरकारी कार्यालयानं गल्लीगल्लीतून माणसं मागितली, तेव्हा आमच्या रांगेतून हिनंच नाव दिलं. दर एक तारखेला आमच्या मागच्या भिंतीतल्या खिळ्यापासून दरडीच्या कडेपर्यंत मोजायचं आणि आकडा कळवायचा. अंतर दहा मीटरच्या आत आलं, की मोठ्या भरतीला घर रिकामं करायचं. दिलेली लोखंडी टेप दोन वर्षांपूर्वी गंजली, तेव्हापासून ही आपली दीड मीटरची शिवणटेप सात वेळा लावून मोजायची.

"ताई, समुद्राला कोट शिवताय का?" मी चिडवायचो.

त्या महिन्याचा आकडा होता दहा मीटर वीस. आठवड्यानं दुपारच्या भरतीला मोठ्या लाटांचा इशारा आला. कार्यालयानं आकडा पाहून आम्हाला घरीच राहायला सांगितलं. मी निर्धास्त झालो. हे घर मी स्वतः राबून बांधलंय.

अकराच्या सुमारास ताई धापा टाकत आली, टेप गळ्यातच.

"घर सोडा. माझं माप चुकलंय."

पडदा जोडताना ती दोन बोटं कापड एकावर एक घेते. आज तसं घेताना तिचा हात थबकला. आमच्या अंगणातही ती दर वेळी टेप दोन बोटं मागूनच लावत आली होती. सहा जोड, म्हणजे आकड्यात वीतभर जमीन जास्त. आमच्यासमोर तिनं पुन्हा मोजलं. नऊ मीटर अठ्ठ्याण्णव.

माझं डोकं फिरलं. "दोन सेंटिमीटरसाठी घर सोडू? दोन वर्षं चुकीचं लिहिलंत, ते आज सुचलं?"

बायको म्हणाली, "ताई, कार्यालयाला फोन केलास तर तुझं तोंड बघणार नाही."

तरी ताईनं तिथंच फोन लावला. "दोन वर्षांचे सगळे आकडे चुकलेत. चूक माझी आहे."

तासाभरात आम्हाला बाहेर काढलं. रस्त्यापलीकडच्या शाळेत मी ताईकडे पाठ करून बसलो. चारला धडाड आवाज झाला. मागची खोली खिळ्यासकट समुद्रात गेली होती. रोज त्या वेळी बायको तिथं झोपलेली असते.

पुढच्या एक तारखेला ताई पुन्हा मोजायला आली, पुढच्या भिंतीपासून. बायको तोवर तिच्याशी बोलली नव्हती. आज बायकोच खाली बसली आणि टेपच्या टोकाशी जमिनीवर बोट घट्ट दाबून धरलं.

"ताई, आता पुढचं इथूनच लाव."