अक्कांसाठी जीपला लावलेली दारं

माझ्या थोरल्या नणंदेला सगळं गाव अक्का म्हणतं. तरुणपणीच नवरा गेला, तशा त्या पारोळ्याजवळच्या आमच्या घरी परत आल्या आणि शिलाई मशीनवर त्यांनी धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या यजमानांना, शिकवलं. मी लग्न होऊन आले तेव्हा माझं डी.एड. अर्धवट राहिलं होतं. सासरे म्हणत, आता कशाला? अक्का मशीनवरून न उठता म्हणाल्या, "तिले शिकू द्या. घरनं काम मी करसू." मी शिकले, शाळेत लागले. पुढे त्यांच्याच हट्टामुळे गाडीही शिकले.

गाडी म्हणजे सासऱ्यांनी लिलावात घेतलेली जुनी जीप. वर ताडपत्री, आत समोरासमोर दोन लांब बाक आणि मागे मांडीएवढ्या उंचीचा लोखंडी फाळका. कपाशीच्या ओझ्याने एकदा फाळक्याची साखळी तुटली, तेव्हा सासऱ्यांनी तो वेल्डिंग करून कायमचा बंदच करून टाकला. मागे बसायचं तर त्याच्यावरून टांग टाकून चढायचं. अक्का सत्तरीतही चढत होत्या.

मग त्या मोरीत घसरल्या आणि खुबा मोडला. धुळ्याला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, पाय फार वाकवायचा नाही, प्रवासात लांब करून बसायचं. कुणाच्या मोटारीत तो पाय मावेना, आणि आमच्या शेतरस्त्याला मोटारी यायला बघत नाहीत. राहिली जीपच. दवाखान्यातून आणताना यजमानांनी आणि वॉर्डबॉयने अक्कांना उचलून फाळक्यावरून आत घेतलं. चार लोक बघत होते. अक्कांनी पदर तोंडावर ओढला, तो घरी येईपर्यंत काढला नाही. उतरल्यावर एवढंच म्हणाल्या, "मी काय कपाशीनं बोचकं शे का?"

त्यानंतर त्यांनी जाणं-येणं सोडलं. तपासणीची तारीख आली तरी म्हणाल्या, "बरी शे मी." भाचीच्या लग्नालाही आल्या नाहीत. फाळका नुसता कापून टाकावा, तर मागची बाजू उघडी पडणार. पाय लांब करून बसलेलं माणूस खड्ड्यात बाहेर फेकलं जायचं.

एकदा शाळेतून येताना पारोळ्याच्या पेट्रोल पंपावर नंतरच्या काळातली एक जीप उभी होती. तिला मागे कपाटासारखी दोन दारं. दोन्ही उघडली, खाली पायरी होती, आणि एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आरामात उतरले. मी पेट्रोल भरायचं विसरून बघत राहिले.

तशी दारं शोधायला मी जळगावचा भंगार बाजार पालथा घातला. कुठे एकच दार, कुठे गंजून चाळण झालेलं. शेवटी एका गॅरेजवाल्याने सांगितलं, धुळ्यात एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर आहेत, त्यांची तसली जीप मोडीत गेली, पण दारं त्यांनी ठेवलीत.

ठेवली होती खरी. बकऱ्यांच्या गोठ्याला. दोन्ही दारं काचांसकट बाभळीच्या खांबांना लावलेली, आणि काचेतून एक बोकड आमच्याकडे बघत होता. त्या ड्रायव्हर आबांना मी अक्कांचं सगळं सांगितलं. ते दाढी खाजवत म्हणाले,

"ताई, दारं देतो. पण माझ्या बकऱ्या काय उघड्यावर ठेवू?"

"तुम्हाला चांगलं फाटक करून देतो, आबा," यजमान म्हणाले.

"मग आधी फाटक. दारं पळून जात नाहीत."

पुढच्या रविवारी यजमानांनी बांबू आणि जाळी नेऊन दुपारपर्यंत फाटक उभं केलं. आबांनी ते दोनदा हलवून बघितलं, आम्हाला जेवायला बसवलं आणि दारं स्वतः धुऊन जीपच्या बाकांमधे बांधून दिली. निघताना म्हणाले, "बसवल्यावर त्या माउलीला घेऊन या."

पारोळ्याचे वेल्डिंगवाले भाऊ मशीन घेऊन आमच्या अंगणात आले. फाळका कापला, दारं टेकवून पाहिली, आणि ती काही बसेनात. जीपचं जुनं अंग ओझी वाहून वाहून खाली फाकलं होतं. दारं मधे मिळवली की दोन्ही कडांना फट राही. वर एक बोट, खाली दोन बोटं. भाऊंनी एका बाजूला सरळ पट्टी लावली, तर दार तिरकं लटकलं आणि कडी लागेना. पट्टी काढली. दुसऱ्यांदा लावली, पुन्हा काढली. घाम पुसत ते म्हणाले, "गाडीच वाकडी आहे, ताई. दारं कापावी लागतील."

अक्का ओट्यावर पाय लांब करून बसल्या होत्या. सकाळपासून त्यांनी आमच्याकडे लक्ष नसल्याचं दाखवलं होतं. आता म्हणाल्या, "कापू नका. कळी टाका."

"काय टाका?"

"घागऱ्याले टाकतस तशी. वर बारीक, खाले रुंद."

भाऊ हसले. मग हसायचे थांबले आणि फटीकडे बघू लागले. अक्कांनी मला जुना पेपर आणि कात्री आणायला लावली. मी पेपर फटीवर धरला, पेन्सिलने खूण केली, आणि अक्कांनी दोन्ही बाजूंच्या दोन लांबट कळ्या कापून भाऊंच्या हातात दिल्या. त्यांनी त्या पत्र्यावर ठेवून तसाच पत्रा कापला. संध्याकाळी दोन्ही दारं मधोमध मिळाली. अगदी तंतोतंत नव्हे. खालच्या कोपऱ्यातून अजून धूळ येते. पण कडी लागली. भाऊंनी अक्कांना आवाज दिला, "अक्का, तुमच्या कळ्या बसल्या!" त्या रात्री त्या पोटभर जेवल्या. दुसऱ्या दिवसापासून दाभण घेऊन ताडपत्रीची मागची कड दारांच्या मापाने शिवायलाही त्यांनीच घेतली.

पायरी लावून झाली तेव्हा मी म्हटलं, "अक्का, कुठे जायचं?" मला वाटलं, धुळ्याला तपासणीला म्हणतील. त्या म्हणाल्या, भडगावला. तिथे त्यांची बालमैत्रीण राहते.

मी हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही. दाराची कड धरली, चांगला पाय पायरीवर ठेवला, दुखरा मागून घेतला, आणि बाकावर पाय लांब करून बसल्या. दारही आतून स्वतःच ओढून लावलं. यजमान अंगणात उभे होते. ते घरात निघून गेले. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा धुतलेला होता.

भडगावच्या अलीकडे गिरणेचा पूल लागला तशा अक्का म्हणाल्या, "थांबाड." मी पुलाच्या पुढे गाडी कडेला घेतली. मी उतरून मागे जाईपर्यंत त्यांनी दोन्ही दारं उघडली होती आणि पाय बाहेर सोडून नदीकडे बघत बसल्या होत्या. नदीत पाणी बेताचंच होतं. पिशवीतून त्यांनी शेवमुरमुऱ्याची पुडी काढली, निम्मे माझ्या ओंजळीत घातले.

मला त्यांना पुष्कळ काही सांगायचं होतं. डी.एड.चं, गाडीचं, सगळ्याचं. आमच्याकडे असं तोंडावर बोलत नाहीत. मी त्यांच्या शेजारी बसून मुरमुरे खाल्ले. थोड्या वेळाने अक्का म्हणाल्या, "चाल, ती वाट पाहत व्हई."