हाकेला आलेल्या सहा बकऱ्या

नोकरीत खून उघडकीस आणले, दरोडेखोर पकडले. पण नातवंडं गोष्ट मागतात तेव्हा मी सहा बकऱ्यांचीच सांगतो. त्या वेळी मी रिसोड भागात ठाणेदार होतो.

रिठदच्या एका विधवा बाईनं फिर्याद दिली की गोठ्यातून सहा बकऱ्या चोरीस गेल्या. मुलीचं कॉलेज त्या बकऱ्यांवरच चाललं होतं. "साहेब, दुसरं काई नाई मागत. माह्या बकऱ्या जित्या पायजेत," एवढंच ती बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक इसम आपणहून ठाण्यात आला. "बकऱ्या मटण कंपनीत गेल्या साहेब. आत्ताच जा, नाईतं पाकिटात भरून जातीन." स्टेशन डायरीला नोंद केली, त्याला जीपमध्ये बसवलं आणि निघालो.

ती कंपनी सगळ्या तालुक्याला ठाऊक होती. मालकाच्या वडिलांनी आठवडी बाजारात लाकडी ओंडक्यावर मटण विकायला सुरुवात केली. मुलानं शीतगृह बांधलं, यंत्रं आणली, मांस पॅकबंद होऊन दूरच्या शहरांत जाऊ लागलं. गावची कितीतरी घरं त्यावर जगत होती. चोरीचा माल सापडला अशी नुसती बोंब उठली असती, तरी दोन पिढ्यांचं नाव मातीत गेलं असतं. आणि मी शहाणा, सील करायला कुलूप अन् लाख घेऊनच गेलो होतो!

मालकांना आम्ही सगळे चाचा म्हणायचो. फाटकावर त्यांनी जीपमधल्या इसमाला पाहिलं आणि भडकले.

"याले तं कालच हाकललं मी! सहा बकऱ्या घेऊन आलता."

"काहून हाकललं?"

"अब्बाचा नियम हाय साहेब. त्यायनं एकदा नकळत चोरीची बकरी घेतली, भर बाजारात मान खाली गेली. तवापासून आमी पाळणाऱ्याकडूनच घेतो. इकणारा दूर उभा राह्यते, हाक मारते. बकरी त्याच्याकडं गेली तरच सौदा. याच्याकडं एकबी नाई गेली."

इसमाचा चेहरा खर्रकन उतरला. ठाण्यात आणून त्याला चहा दिला. मी आवाज चढवला नाही, नुसतं विचारलं, "मग त्या सहा बकऱ्या आहेत कुठं?"

"किन्हीराजाले, साळ्याच्या गोठ्यात. पण माह्याच हायेत साहेब, आईशपथ!"

"तुझ्याच ना? चल तर, मार हाक."

पंच घेतले, बाईला घेतलं. गोठ्यात तो घसा फुटेस्तोवर ओरडला. बकऱ्या आपल्या चारा चघळत उभ्या. माझा हवालदार फिसकन हसला. मग कुंपणाबाहेरून बाई म्हणाली, "ये वं चंद्रे, ये वं माय!"

सहाच्या सहा उड्या मारत आल्या. चंद्री तर तिचा पदरच चघळू लागली. बाई एकाच वेळी रडत होती आणि चोराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. तो मटकन खाली बसला. "घ्या लिहून साहेब," म्हणाला. कंपनीनं हाकलल्याचा राग होता, शिवाय आमचं लक्ष तिकडं वळवायचं होतं, हेही त्यानं कबूल केलं. पंचनाम्यात मी ती हाकसुद्धा लिहिली.

खबर देणारा स्वतःच्या पायानं चालत आला, तर आधी तोच कुठून आला ते बघावं, हे मी पुढं प्रत्येक नव्या फौजदाराला शिकवलं. संध्याकाळी चाचांकडे गेलो आणि कुलूप सोबत आणल्याची माफी मागितली.

"आणलं तं आणलं," चाचा म्हणाले, "लावलं नाई ना!"

घरात पदकं आहेत. पण छाती फुगते ती त्या न लावलेल्या कुलपानं.